चालून बारीक झालेली

मी चालून बारीक झाले, अशी आमच्या भागात माझी ख्याती होती. ती साफ खोटी होती. मी पोट कापून बारीक झाले. डॉक्टरांनी माझ्या जठराची एवढीशी पिशवी ठेवली, आतडं वर आणून तिला जोडलं, आणि वर्षभरात माझ्यातून अख्खी एक बाई वजा झाली. हे मी आता कुणालाही सांगते. आमच्याकडे गाडी धुवायला आलेल्या गिऱ्हाइकालाही सांगते. नवरा म्हणतो, "अगं, तो फक्त पावती मागतोय." मागू दे. पावतीबरोबर हेही घेऊन जाईल.

ख्याती पसरवली ती सासूबाईंनी. त्यांचा हेतू वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर सगळे त्यांच्यावरच तुटून पडतात. मी जाड होते तेव्हा नात्यातल्या एका लग्नात माझ्या खालची खुर्ची मोडली होती. सगळा हॉल हसला. सासूबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी मला हात देऊन उठवलं आणि जेवण न करताच सगळ्यांना घेऊन घरी आल्या. पुढे गुडघे गेले, साखर वाढली, रात्री आडवं झालं की श्वास कोंडायचा, आणि मी ऑपरेशन करून घ्यायचं ठरवलं. निर्णय माझा होता. त्याचा मला आजही काडीचा पश्चात्ताप नाही. परत वेळ आली तर परत करीन.

पण सासूबाईंच्या डोक्यात ती खुर्ची बसली होती. त्या म्हणाल्या, "आधी जाड म्हणून हसले, आता कापून घेतलं म्हणून हसतील. कुणाला काही सांगायचं नाही. चालते म्हणायचं. चालण्याला कोण नावं ठेवणार?"

एकदा चालते म्हटल्यावर चालणं आलं. रोज सकाळी बागेला फेऱ्या. माझी कंबर दिसायला लागली तशा बायका सासूबाईंना गाठून गुपित विचारायला लागल्या, आणि सासूबाईंनाही त्यात गोडी वाटायला लागली. कोमट पाणी काय, जिने चढणं काय, रात्री लवकर जेवणं काय. मी जन्मात न केलेल्या गोष्टी त्या माझ्या नावावर खपवत होत्या. नवरा सुरुवातीला लाजायचा, मग तोही तरबेज झाला. "इच्छाशक्ती लागते," असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा. ते ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा, पण तोंडाला मीही कुलूप लावलं होतं.

या खोट्याने खाल्लं काय, ते कुणाच्या लक्षात आलं नाही. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनी निघताना बजावलं होतं की जीवनसत्त्वांच्या गोळ्या जन्मभर, दर वर्षी रक्ततपासणी, आणि पुढे कधीही पोटात दुखलं तर समोर कुठलाही डॉक्टर असो, त्याला आधी या ऑपरेशनचं सांगायचं. गोळ्यांच्या बाटल्या फडताळात दिसल्या की पाहुणे विचारतील, म्हणून सासूबाईंनी त्या शिलाई मशीनच्या खणात हलवल्या. खणात गेल्या त्या माझ्या लक्षातूनही गेल्या. रक्ततपासणी एक-दोन वर्षं केली, मग धंदा वाढला, मी ठणठणीत होते, आणि ते मोठं हॉस्पिटल शहराच्या दुसऱ्या टोकाला. आमच्या घरगुती डॉक्टरांना तर काही सांगायची सोयच नव्हती. त्यांची कंपाउंडर म्हणजे चालतंबोलतं वर्तमानपत्र.

चालण्यातून एकच खरी गोष्ट मिळाली, ती म्हणजे चिमणी. समोरच्या चष्म्याच्या दुकानाची ती मालकीण. हे नाव मीच पाडलं, कारण ती खायची चिमणीसारखं. तीही माझ्यासारखीच जाडाची बारीक झालेली, आणि विचारलं की म्हणायची, "चालले, दुसरं काय?" मला तिचा मनातून हेवा वाटायचा. हिने खरंच करून दाखवलं, आणि मी हिच्या शेजारून खोटी चालते. बागेतल्या बाकावर आम्ही एक बिस्किट निम्मं निम्मं करायचो आणि आपापलं निम्मंही पुरतं संपवायचो नाही. तरी मला कधी शंका आली नाही. स्वतः चोर असलं तरी समोरचा साव वाटतो कधीकधी.

मग दुखायला लागलं. जेवण झालं की बेंबीच्या वर डावीकडे कुणी ओलं फडकं पिळावं तसं. थोडा वेळ पिळायचं आणि सोडून द्यायचं. पुढे कित्येक दिवस काही नाही. घरगुती डॉक्टर म्हणाले, पित्त. गोळ्या दिल्या. पुन्हा दुखलं तेव्हा सोनोग्राफी केली, ती स्वच्छ. ते बिचारे तरी काय करणार? त्यांच्या दृष्टीने मी चालून बारीक झालेली धडधाकट बाई होते. त्याच सुमाराला पायांना मुंग्या यायला लागल्या. सकाळी चालताना एक चप्पल पायातून निघून गेली आणि मी तशीच पुढे निघाले. चिमणी ती हातात घेऊन मागून पळत आली. आम्ही दोघी पोट धरून हसलो. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं.

आमच्या कामात एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. गाडीतल्या पायपुसण्या काढून, फरशीवर पसरून घासायचं काम मी कधी करत नसे. त्याला माणसं होती. पण एकदा दुखत असताना एक पायपुसणी उचलायला म्हणून मी हातापायांवर रांगले आणि दुखणं पटकन उतरलं. तेव्हापासून जेवण झालं की मी आपली पायपुसण्या घासायला बसायची. नवऱ्याने माणसांसमोर थट्टा केली, "मालकीणबाई पुन्हा रांगायला लागल्या." मी त्याच्या अंगावर फेसाचं फडकं फेकलं. पण मनात कुठेतरी टोचलं. रांगल्यावर बरं वाटतं, हे कसलं पित्त?

सासूबाईंच्या वाढदिवसाला चिमणी दुपारी जेवायला आली होती. केक कापला, मी दोन घास खाल्ले, आणि या वेळी फडकं पिळलं ते सोडेचना. मी टेबलाखाली रांगले. तरी सोडेना. कळ थेट पाठीत गेली, ओकारी आली, पण बाहेर काही पडेना. नवऱ्याने गाडी काढली, चिमणीने माझं डोकं मांडीवर घेतलं, सासूबाई पुढे बसल्या, आणि आम्ही जवळच्या हॉस्पिटलात गेलो.

तपासायला एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. माणूस चांगलं, हात हलका. त्यांनी पोट दाबून पाहिलं आणि विचारलं, "आधी काही ऑपरेशन झालंय?"

मला कळ आली होती, दात आवळले होते. उत्तर दिलं सासूबाईंनी, एका क्षणात, पाठ असल्यासारखं. "छे हो! चालून बारीक झालीये ती."

डॉक्टरीणबाईंनी माझ्या पोटावरच्या बारीक व्रणांवर बोट ठेवलं. "मग हे कसले?"

"लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या," नवरा म्हणाला.

मी त्याच्याकडे पाहत राहिले. तो मुद्दाम खोटं बोलत नव्हता, हीच तर कमाल. इतकी वर्षं इतक्या लोकांना इतकं सांगितलं होतं की त्याचं तोंड त्याच्या आधी बोलून मोकळं झालं. डॉक्टरीणबाईंनी भुवई उंचावली, पण शेजारच्या पडद्यामागून कुणीतरी त्यांना हाक मारली आणि त्या मला इंजेक्शन देऊन तिकडे गेल्या.

इंजेक्शनने कळ बोथट झाली. रक्तात तातडीचं काही निघालं नाही. डॉक्टरीणबाई परत आल्या आणि म्हणाल्या, पित्ताचाच प्रकार वाटतोय, बरं वाटत असेल तर घरी जा, पुन्हा दुखलं तर या. नवऱ्याने सुटकेचा श्वास टाकला. सासूबाईंनी माझ्या चपला पुढे सरकवल्या. चिमणी पायथ्याशी पर्स छातीशी धरून उभी होती.

मी चपलांकडे पाहिलं. आत, बोथट झालेल्या जागेखाली, काहीतरी अजून पिळलेलंच होतं. ते मला नीट कळत होतं. पोट माझं होतं. आणि त्या जुन्या डॉक्टरांचं बोलणं इतक्या वर्षांनी लख्ख आठवलं, की समोर कुठलाही डॉक्टर असो, आधी सांगायचं. मी घाबरले. खरं सांगते, पाचावर धारण बसली. मरायला नाही घाबरले तेवढी या गोष्टीला घाबरले, की मी मरेन आणि कशाने मेले तेसुद्धा कुणाला कळणार नाही.

"मी उठणार नाही," मी म्हणाले.

"अगं, सोडतायत आपल्याला," नवरा म्हणाला.

"ते सोडू देत. मी पलंग सोडत नाही." मी दोन्ही हातांनी पलंगाची कड धरली. "डॉक्टर, यांनी सांगितलं ते सगळं खोटं आहे. मला कांजिण्या झाल्याच नाहीत. माझं वजन कमी करायचं ऑपरेशन झालंय. बायपास. आतडं वर आणून जोडलंय."

"अगं, हळू बोल!" सासूबाई कुजबुजल्या. पडद्यांच्या पलीकडे सगळं चिडीचूप झालं होतं.

"का हळू? आई, इतकी वर्षं हळूच बोलतोय आपण. आता मला ओरडायचंय. मी चालून बारीक झालेली नाही! कापून झालेय! ज्याला हसायचंय त्याने आत्ता हसून घ्या!"

कुणी हसलं नाही. चिमणीच्या हातातली पर्स खाली पडली. ती पर्स न उचलताच बाहेर निघून गेली. त्या वेळी मला तिच्यामागे जाण्याची सोय नव्हती.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. स्टूल ओढून बसल्या आणि भराभर विचारायला लागल्या. कधी झालं, किती दिवस दुखतंय, जेवल्यावरच का, येऊन जातं का. मग म्हणाल्या, "कशाने बरं वाटतं?"

"रांगल्यावर."

त्यांनी पेन खाली ठेवलं आणि फोन उचलला.

त्यानंतर सगळं धावपळीत झालं. मशीनमध्ये घातलं, सर्जन आले, त्यांनी चित्रं पाहिली आणि सांगितलं की आत्ताच्या आत्ता पोट उघडायचं. माझ्या ऑपरेशनसाठी आतली रचना बदलताना आतड्याला धरून ठेवणाऱ्या पडद्यांमध्ये फटी राहतात. बाई बारीक होत जाते, आतली चरबी उतरते, तशा फटी रुंदावतात, आणि कित्येक वर्षांनीसुद्धा एखाद्या दिवशी आतडं त्यात घुसून पिळतं. कधी आपोआप सुटतं. सुटलं की तपासणीत काही दिसत नाही.

"म्हणजे आमच्या पाइपासारखं," मी म्हणाले. ग्लानीत असले तरी धंदा सुटत नाही. "गाडीच्या चाकाखाली पाइपाला पीळ पडतो, पंप बोंबलतो, पाणी येत नाही. दुरुस्तीवाला येईपर्यंत कुणीतरी गाडी हलवलेली असते आणि पाणी धो धो चालू. मग आम्हीच खोटे ठरतो."

"तसंच," सर्जन म्हणाले. "फक्त इथे पाइप काळा पडतो."

काळा पडायच्या बेतात होता. निळा झाला होता. पीळ सोडवल्यावर हळूहळू रंग परत आला आणि काही कापावं लागलं नाही. फटी शिवून टाकल्या. मी शुद्धीवर आल्यावर सर्जन म्हणाले, "त्या दिवशी घरी गेला असतात तर..." आणि थांबले.

वाक्य मीच पुरं केलं. "तर आमच्या सासूबाईंनी शोकसभेतसुद्धा सांगितलं असतं, चालून बारीक झाली होती हो."

सासूबाई तिथेच उभ्या होत्या. त्या हसल्या नाहीत. खुर्चीत मटकन बसल्या आणि ढसाढसा रडायला लागल्या. "मला वाटलं तुला पुन्हा हसतील," त्या म्हणाल्या. "त्या खुर्चीवरून काय कमी हसले होते? आणि मीच तुला..." मला त्यांचा इतका राग आला होता आणि त्यांच्यावर इतकं प्रेमही होतं की काय करावं कळेना. मी सलाइन लावलेला हात पुढे केला. त्यांनी तो धरला.

रक्ताच्या तपासण्या सविस्तर झाल्या तेव्हा पायांच्या मुंग्यांचंही उत्तर मिळालं. बी-बारा तळाला गेलं होतं, लोहाची तीच गत. इंजेक्शनं सुरू झाली. मुंग्या काही जातील, काही कदाचित कायमच्या राहतील, असं स्पष्ट सांगितलं. इतक्या वर्षांत एका रक्ततपासणीत जे दिसलं असतं ते आम्ही शिलाई मशीनच्या खणात कोंडून ठेवलं होतं.

भेटायला नातेवाईक आले. पहिल्या दिवशी सासूबाईंच्या तोंडून सवयीने "अपेंडिक्स" निघालं. मी नुसतं "आई" म्हटलं. दुसऱ्या दिवशी ज्या नणंदबाई त्या हॉलमध्ये सगळ्यात मोठ्याने हसल्या होत्या, त्या आल्या आणि मानभावीपणे विचारलं, "कसलं गं ऑपरेशन?" मी तोंड उघडायच्या आत सासूबाई कडाडल्या, "वजनाचं केलं होतं आधी, त्यातलंच निघालं. आम्ही लपवलं, चुकलं आमचं. पण तिचं पोट, तिचा जीव. तुझ्या घरचं काय गेलं?" लेकीला एवढं सुनावलेलं मी प्रथमच पाहिलं. नणंदबाईंनी आणलेली फळं ठेवली आणि पंख्याकडे बघत बसल्या. मला टाके होते म्हणून, नाहीतर मी टाळ्या वाजवल्या असत्या.

चिमणी मात्र आली नाही. फोन नाही, निरोप नाही. मी घरी आले, दुकानात खुर्ची टाकून बसायला लागले, तरी नाही. समोर तिच्या दुकानाचं शटर वर जायचं, खाली यायचं, आणि ती इकडे मान वळवायची नाही. रागावली असणार. रागवायला जागाही होती. रोज तिच्या शेजारून चालत होते आणि रोज तिला फसवत होते. मला वाईट वाटत होतं, आणि चिडही येत होती. एवढं मरणाच्या दारातून परत आले, एकदा शिव्या घालायला तरी यायचं होतं.

एका दुपारी ती स्वतःची गाडी घेऊन आली. धुवायच्या जागी लावली, काच खाली करून म्हणाली, "आत बस."

"गाडी धुवायचीये ना?"

"धुऊ दे त्यांना. तू बस."

मी बसले. काचा वर गेल्या. नवऱ्याने फेसाचा फवारा सोडला आणि चारी काचा पांढऱ्या झाल्या. बाहेरचं काही दिसेना, बाहेरून आम्हीही कुणाला दिसत नव्हतो. तेव्हा ती बोलली.

"माझंही झालंय. तुझ्या आधी."

मला काही क्षण समजलंच नाही. मग समजलं आणि मी हसत सुटले. टाक्यांवर हात दाबून हसले. दोघी जगाला दाखवायला चालत होतो, आणि जग म्हणून दोघींनी एकमेकींनाच धरलं होतं.

"हसू नको," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "मला वाटायचं तू खरी आहेस. तुझ्याकडे बघून मला माझी लाज वाटायची गं."

माझं हसू गेलं. मी तिच्याकडे नीट पाहिलं. ती स्टिअरिंगवर पुढे वाकून बसली होती. हात पोटावर होता.

"जेवल्यावर दुखतं?" मी विचारलं.

"गॅस होतो."

"चिमणे."

ती म्हणाली, "असं वाकलं की बरं वाटतं. हॉस्पिटलात तू रांगल्यावर म्हणालीस ना, ते मी पडद्याबाहेरून ऐकलं. त्या दिवसापासून झोप नाहीये मला."

"आत्ता दुखतंय?"

तिने हो म्हणून मान हलवली. "पण सासरी कुणाला माहीत नाही. यांनी बजावलंय, काही झालं तरी कळता कामा नये. मला वाटलं थोडे दिवस बघू..."

"बघितलंय मी ते. आतून बघितलंय. सरक, पलीकडे बस." मी काच खाली करून नवऱ्याला हाक मारली. "अहो, फवारा बंद करा आणि गाडी चालवायला या! मला अजून चालवायची मनाई आहे."

"अगं, फेस तरी धुऊ दे!"

"समोरची काच पुसा आणि चला!"

छतावर फेसाचा ढीग घेऊनच आमची गाडी हॉस्पिटलात शिरली. नोंदणीच्या खिडकीशी रांग होती आणि रांगेत आमच्या बागेतल्या दोघी उभ्या होत्या. चिमणीने त्यांना पाहिलं आणि तिची पावलं अडखळली. मी तिचा दंड सोडला नाही. तिला कमरेत वाकलेली पाहून सगळ्यांनी पुढे जाऊ दिलं.

खिडकीतल्या माणसाने मान वर न करता विचारलं, "आधी काही ऑपरेशन?"

चिमणीने माझ्याकडे पाहिलं. माझ्या जिभेच्या टोकावर होतं, पण मी जीभ चावली. माझ्या वेळी दुसऱ्यांनीच उत्तर दिलं होतं. हे तिचं तिनेच द्यायला हवं होतं.

ती काहीतरी पुटपुटली.

"काय? मोठ्याने सांगा."

तिने खिडकीची कड धरली, मी पलंगाची धरली होती तशीच. "वजन कमी करायचं ऑपरेशन!" ती ओरडली. "पोटाचा बायपास! आणि आता दुखतंय, आत्ता, लवकर बोलवा कुणालातरी!"

अख्ख्या रांगेच्या माना वळल्या. आत चाकांच्या खुर्चीसाठी हाका गेल्या. बागेतली एक जण तोंडावर हात ठेवून म्हणाली, "अगंबाई, तू तर चालून बारीक झालीस ना?"

"नाही," चिमणी म्हणाली, "कापून."

"मीसुद्धा," मी म्हणाले, आणि तिच्या खुर्चीला धरून आत गेले.